रंग उतरल्यानंतरची भेट: सांगली-साताऱ्याच्या नाट्यरसिकांचा इतिहास

१/२४
दरवर्षी ५ नोव्हेंबरला सांगलीच्या विष्णुदास भावे नाट्यमंदिरात एक ज्येष्ठ रंगकर्मी रंगमंचावर येतो. चेहऱ्याला रंग नसतो, अंगावर भूमिकेची वस्त्रे नसतात. एक पदक स्वीकारायचे आणि समोर बसलेल्या लोकांशी चार गोष्टी बोलायच्या, एवढेच त्या दिवशीचे काम. वर्षानुवर्षे ज्याला दुसऱ्यांच्या नावाने पाहिले, त्याला त्याच्या स्वतःच्या नावाने ऐकण्यासाठी लोक जमतात.

२/२४
हा वरवर पाहता एक सत्कारसमारंभ. परंतु नट आणि प्रेक्षक यांच्या अशा खेळाबाहेरच्या भेटींनी मराठी रंगभूमीला जो आधार दिला, तो राजाच्या खजिन्याला किंवा तिकिटाच्या गल्ल्याला फार काळ देता आला नाही. सांगली, मिरज आणि सातारा या टापूत तो इतिहास सलग दिसतो. त्याची सुरुवात मात्र रसिकांच्या सभेत झाली नाही. ती दरबारात झाली.

३/२४
१८४२च्या सुमारास कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. गाणे, नाच, देव-राक्षसांची सोंगे असा तो प्रकार. संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांना तो आवडला, पण त्यातला ओबडधोबडपणा खटकला. असेच काही मराठीत, अधिक नीटनेटके करावे, असे त्यांनी आपल्या पदरी असलेल्या तरुणाला सांगितले. तो तरुण म्हणजे विष्णु अमृत भावे.

४/२४
५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर झाले. सूत्रधार पदे गाई, पात्रे प्रसंगानुरूप भाषणे करीत, गणपती-सरस्वती येऊन जात, विदूषक हसवी आणि राक्षस आरोळ्या ठोकीत. लिहिलेली संहिता अशी नव्हतीच. पदे तेवढी रचलेली. मराठी रंगभूमी दिन ५ नोव्हेंबरला साजरा होतो, तो या प्रयोगाची आठवण म्हणून.

५/२४
येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारात याच्या कितीतरी आधी मराठी नाटके रचली गेली होती. पण त्या परंपरेचा धागा महाराष्ट्रापर्यंत आला नाही. ‘सीता स्वयंवर’चे महत्त्व आहे ते त्यातून पुढे चालत राहिलेल्या परंपरेमुळे.

६/२४
दरबारी प्रयोगाला खर्चाची चिंता नव्हती. कपडे, दागिने, माणसांचे पोट, सारे संस्थानाकडे. समाजाने नाके मुरडली, तर राजाचा शब्द मध्ये पडे. पण या व्यवस्थेत प्रेक्षकाला काहीच करायचे नव्हते. तो बोलावल्यावर येई, पाही आणि घरी जाई. नाटक टिकावे की बंद पडावे, हे त्याच्या हाती नव्हते.

७/२४
१८५१ साली आप्पासाहेबांचे निधन झाले आणि या व्यवस्थेचे दुसरे अंग उघडे पडले. राजाश्रय हा एका माणसाच्या आयुष्याएवढाच लांब असतो. नव्या कारभारात भाव्यांच्या मंडळीला पूर्वीचा आधार उरला नाही. जमवलेली माणसे, शिकवलेली पात्रे आणि झालेला खर्च डोक्यावर घेऊन विष्णुदासांना सांगलीबाहेर पडावे लागले.

८/२४
१८५३ साली ही मंडळी मुंबईत पोहोचली. ग्रँट रोडवर नाना शंकरशेट यांच्या जागेत उभे राहिलेले नाट्यगृह होते. तेथे तिकीट लावून भाव्यांचे खेळ झाले. आता ज्याच्या खिशात पैसे तो प्रेक्षक. जात, घराणे, दरबारातील मान यांपैकी कशाचीही चौकशी गल्ल्यावर होत नव्हती. मराठी नाटकासाठी ही फार मोठी मोकळीक होती.

९/२४
मात्र तिकीट एका रात्रीचे असते. ते काढणारा माणूस उद्या येईलच, याची हमी नसते. पाऊस लागला, गावात पटकी किंवा प्लेग आला, मुख्य नटाचा आवाज बसला, की गल्ला रिकामा. राजा गेला की सगळे जाते आणि प्रेक्षक न आला की त्या दिवसाचे जेवण जाते. या दोन टोकांच्या मध्ये कोणी तरी उभे राहण्याची गरज होती.

१०/२४
ती जागा गावोगावच्या नाट्यप्रेमी मंडळींनी भरून काढली. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात नाटक कंपनी गावात आली की पुष्कळदा काही दिवस, कधी काही आठवडे मुक्काम करी. नट, साथीदार, पडदे सांभाळणारे, आचारी आणि पेटाऱ्यांची रास. एवढ्या बिऱ्हाडाला जागा, किराणा, उधारी, वैद्य आणि अडीअडचणीला जामीन लागे. गावातले वकील, डॉक्टर, शिक्षक, व्यापारी यांच्यापैकी नाटकवेडे लोक हे सारे पाहत.

११/२४
त्या बदल्यात त्यांना मिळे नटांचा सहवास. पानसुपारीचा समारंभ हे त्याचे ठरलेले रूप. अत्तर-गुलाब, हार, पानाचे तबक, मानपत्राचे वाचन आणि शेवटी नटाचे दोन शब्द किंवा एखादे पद. ज्या नटाला समाज व्यवहारात बरोबरीने बसवून घेण्यास कचरत होता, त्याला या बैठकीत मानाच्या जागी बसवले जाई. नटाच्या सामाजिक प्रतिष्ठेची वाट अशा बैठकांतून गेली.

१२/२४
याच ओळखीतून मदतीचे खेळ उभे राहत. शाळा, वाचनालय, दुष्काळनिधी यांसाठी कंपनी एखाद्या प्रयोगाचे उत्पन्न देई आणि तिकिटे खपवण्याची जबाबदारी गावकरी घेत. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मुंबईचे: ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्ध्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र केलेले ‘संयुक्त मानापमान’. नाटक होते सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे.

१३/२४
स्वतः बालगंधर्वांचा रंगभूमीवरचा प्रवेशही याच टापूतला. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आलेल्या या तरुणाने मिरजेत शकुंतलेची भूमिका केली. त्याच्यामागे कोल्हापूरच्या शाहू महाराजांची शिफारस होती आणि त्याच्या कानावर मिरजेच्या मिशन इस्पितळात उपचार झाले होते. एका नटाच्या घडणीत राजा, डॉक्टर, कंपनी आणि गाव असे सगळे हात लागलेले असतात.

१४/२४
तथापि या रसिकवर्तुळाला एक कुंपणही होते. त्याच १९०५ साली, त्याच मिरजेत एका मुलीचा जन्म झाला. पुढे ती हिराबाई बडोदेकर म्हणून ओळखली गेली. मिरजेत पुरुषाने रंगवलेली शकुंतला डोळे भरून पाहिली जात होती; बाईने स्वतः रंगमंचावर उभे राहणे मात्र प्रतिष्ठितांना मान्य नव्हते. नाट्यगृहात स्त्रियांची बसण्याची जागा वेगळी, आणि पानसुपारीच्या बैठकीत तर त्यांना जागाच नाही.

१५/२४
हिराबाईंनी १९२९च्या सुमारास आपल्या भावंडांसह संगीत नाटकांत पाऊल टाकले आणि बाईची भूमिका बाईनेच करण्याचा पायंडा रुळण्यास मोठा हात लावला. रसिकांचे वर्तुळ जेव्हा जेव्हा रुंदावले, तेव्हा ते असे कोणी तरी बाहेरून ढकलल्यामुळे रुंदावले. आतल्यांनी आपण होऊन दार उघडल्याची उदाहरणे थोडी.

१६/२४
१९०५ हेच साल आणखी एका गोष्टीसाठी महत्त्वाचे. त्या वर्षी मुंबईत दादासाहेब खापर्डे यांच्या अध्यक्षतेखाली पहिले नाट्यसंमेलन भरले. खापर्डे हे व्यवसायाने वकील आणि कार्याने राजकीय पुढारी. नाटकाचा विचार नाटकवाल्यांइतकाच समाजातील जाणत्यांनीही करावा, ही कल्पना त्यातून रुजली. गावोगावच्या पानसुपारीला आता एका वार्षिक व्यासपीठाची जोड मिळाली.

१७/२४
असा विचार करण्यास कारणेही होती. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘शारदा’ने १८९९ साली जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न घराघरांत नेला. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली आले. पौराणिक कथेआडचा कर्झन प्रेक्षकांनी ओळखला आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. खेळ संपल्यावर लोक एकमेकांशी काय बोलतात, याची धास्ती सरकारलाही वाटत होती.

१८/२४
मग बोलपट आला. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर बोलू लागला आणि पुढच्या काही वर्षांत मोठमोठ्या नाटक कंपन्या एकामागून एक मिटल्या. भर लौकिकाच्या दिवसांतही कर्जाशी झुंजलेली गंधर्व नाटक मंडळी या लाटेपुढे टिकली नाही. नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली. तिकीट काढणारा प्रेक्षक समोरच्या दारातून आत शिरला, फक्त आत आता पडदा होता.

१९/२४
अशा पडत्या काळात १९४३ साल उजाडले. सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहत होते. २४ जुलैला वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. पाठलागात गोळ्या सुटल्या, रक्त सांडले. युद्धामुळे महागाई आणि टंचाई होतीच. आणि याच वर्षी याच गावात मराठी रंगभूमीची शताब्दी साजरी झाली. नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष होते वि. दा. सावरकर.

२०/२४
शताब्दी सहसा वैभवाची होते. ही मात्र जवळजवळ उठून गेलेल्या बाजाराची होती. कंपन्या नव्हत्या, राजाश्रय शेवटचे दिवस मोजत होता, गल्ला सिनेमाकडे गेला होता. उरले होते ते नाटक आठवणारे लोक आणि रिकामे झालेले नट. त्या दोघांना एकत्र बसवणे एवढेच त्या वेळी शक्य होते, आणि तेच उपयोगी पडले. १९४४ साली मुंबईत मुंबई मराठी साहित्य संघाने नाट्यमहोत्सव भरवला. १९५४पासून राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाल्या आणि हौशी संघांतून नवी रंगभूमी उभी राहिली.

२१/२४
या कथेला एक समांतर कथा आहे, आणि ती न सांगणे अन्यायाचे ठरेल. जुन्या सातारा जिल्ह्याच्या खेड्यांत रंगभूमी म्हणजे तमाशा. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णाभाऊ साठे वाटेगावचे. काळू-बाळूंचा फड सांगलीजवळच्या कवलापूरचा. येथे आश्रयदाते म्हणजे यात्रेचे पंच. वर्गणी काढायची, फडाला सुपारी द्यायची, रात्री कनातीत वग आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे हजेरी. संघटित रसिकांचा हा प्रकार नाट्यसंमेलनाइतकाच पक्का होता.

२२/२४
फरक होता तो मानाचा. संगीत नाटकाच्या नटाला तबकातून पान मिळे आणि बोलण्याची विनंती होई. तमाशातल्या कलावंताला नारळ, फेटा, दौलतजादा मिळे. ‘तुमची कला कशी घडली, सांगा’ असे म्हणून सभेत बसवणारे फार काळ कोणी नव्हते. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. दरबारातले नाटक आणि जत्रेतला वग एका जिल्ह्यात आले. एका बैठकीवर येण्यास त्यांना बराच अधिक वेळ लागला.

२३/२४
सांगलीतील अखिल महाराष्ट्र नाट्यविद्यामंदिर समितीकडून दिले जाणारे विष्णुदास भावे गौरव पदक हे त्या जुन्या पानसुपारीचेच आजचे रूप. २०१९ साली रोहिणी हट्टंगडी, २०२२ साली सतीश आळेकर, २०२३ साली प्रशांत दामले यांना ते मिळाले. अभिनेत्री, नाटककार, विनोदी नट आणि नाट्यनिर्माता अशा भिन्न वाटांची माणसे एकाच व्यासपीठावर येतात. जेथे हिराबाईंच्या लहानपणी बाईला बसायलाही जागा नव्हती, तेथे आता बाई मुख्य वक्ता असते. साताऱ्याचे शाहू कला मंदिर असो की सांगलीचे भावे नाट्यमंदिर, पुण्या-मुंबईहून बसने येणाऱ्या नाटकाला आजही गावातली ओळखीची माणसेच खुर्च्या भरून देतात.

२४/२४
शंभरावे नाट्यसंमेलन २०२० साली व्हायचे होते. महामारी आली आणि नाट्यगृहांना कुलपे लागली. राज्यात ती पहिल्यांदा उघडली ५ नोव्हेंबर २०२० रोजी, रंगभूमी दिनालाच, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या ठेवण्याच्या अटीवर. पुढे पुन्हा बंद पडली, पुन्हा उघडली. अखेर २९ डिसेंबर २०२३ रोजी त्या संमेलनाची मुहूर्तमेढ सांगलीत रोवली गेली. १८५१ साली एक माणूस गेला आणि नाटकाला गाव सोडावे लागले होते. या वेळी नाटक सांगलीत परत आले, कारण त्याची वाट पाहणारे एकटे कोणी नव्हते; ती एक मोठी मंडळी होती.
(समाप्त)